टायरची जन्मपत्रिका

भोकर हे नांदेड जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. कल्याणहून निघालेला राष्ट्रीय महामार्ग नांदेड व भोकरवरून पुढे तेलंगणातील भैंसा आणि निर्मळकडे जातो. त्यामुळे या रस्त्यावर दिवसरात्र वाहनांची वर्दळ असते. दूरचे मालमोटार, एस. टी., मोटारसायकली, कापूस व सोयाबीन भरलेले टेम्पो, उसाच्या हंगामात ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या आणि रबरी टायर लावलेल्या बैलगाड्याही. या साऱ्यांचा भार रस्त्यावर टेकतो तो टायरवर. म्हणूनच रस्त्याच्या कडेला पंक्चरचे एखादे दुकान हमखास सापडते.

अशा दुकानासमोर उभ्या करून ठेवलेल्या टायरांकडे तुम्ही कधी निरखून पाहिले आहे काय? टायरच्या बगलेवर रोमन अक्षरांची आणि आकड्यांची गर्दी असते. आपण त्यातले कंपनीचे नाव तेवढे वाचतो आणि बाकीचे सोडून देतो. पण ते आकडे म्हणजे शोभेची नक्षी नव्हे. तो टायर केवढा आहे, किती वजन पेलेल, किती वेगाने धावू शकेल आणि कधी जन्मला, हे सर्व त्यात लिहिलेले असते. ती टायरची जन्मपत्रिकाच असते म्हणा ना! मात्र ती वर्तवण्यासाठी ज्योतिषी लागत नाही. थोडे गणित पुरते.

आकडे वाचू या

एका लहान मोटारीच्या टायरवर असे लिहिलेले असते : १६५/८० आर १४ ८५ टी. यातील १६५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ८० हा आकडा शेकडेवारीचा आहे. टायरच्या बगलेची उंची रुंदीच्या ८० टक्के आहे, असे तो सांगतो. म्हणजे १६५ × ०.८ = १३२ मिलिमीटर. 'आर' म्हणजे रेडियल. अशा टायरमधील धागे मधोमध असलेल्या आसापासून किरणांसारखे आडवे गेलेले असतात. १४ हा लोखंडी रिमचा व्यास आहे, आणि तो इंचांत आहे. एकाच ओळीत मिलिमीटर आणि इंच शेजारी शेजारी कसे, असे तुम्ही विचाराल. टायरचा धंदा इंचांच्या काळात वाढला. पुढे मेट्रिक मापे आली, रुंदी मिलिमीटरमध्ये गेली, पण रिमने आपला इंच सोडला नाही.

आता पूर्ण चाकाचा व्यास काढा. १४ इंच म्हणजे ३५५.६ मिलिमीटर. त्यात वरची आणि खालची बगल मिळवली की ३५५.६ + १३२ + १३२ = सुमारे ६२० मिलिमीटर. म्हणजे परीघ जवळजवळ १.९५ मीटर. एक किलोमीटर जाण्यासाठी या चाकाला सुमारे ५१४ फेरे घ्यावे लागतात. जुन्या पद्धतीच्या गाडीतील वेगदर्शक काटा हे फेरे मोजूनच वेग दाखवतो, हे ध्यानात ठेवा.

राहिले ८५ आणि 'टी'. ८५ हा भारांक आहे. तो किलोग्रॅममध्ये नसतो. त्याचे एक ठरावीक कोष्टक आहे. त्यात ८५ म्हणजे ५१५ किलोग्रॅम, ७४ म्हणजे ३७५ किलोग्रॅम, आणि मोटारसायकलींच्या टायरवर दिसणारा ४२ म्हणजे १५० किलोग्रॅम. शेवटचे अक्षर वेगाचे. 'टी' म्हणजे ताशी १९० किलोमीटर आणि 'पी' म्हणजे १५०. ट्रॅक्टरच्या टायरवर बहुधा 'ए ८' असते. त्याचा अर्थ ताशी ४० किलोमीटर! ट्रॅक्टरचा टायर मोठा, जाडजूड आणि दणकट दिसतो, पण तो पळण्यासाठी बनवलेला नसतो. आकारावरून बळाचा अंदाज बांधला की फसायला होते, ते असे.

मालमोटारीच्या टायरवर 'पी. आर.' अशी अक्षरे आणि त्यामागे १६ सारखा आकडा दिसतो. दुकानात त्याला '१६ प्लाय' म्हणतात. पण टायर कापून पाहिला तर १६ थर सापडतीलच असे नाही. पूर्वी टायरमध्ये सुती कापडाचे थर असत, तेव्हा थरांवरून ताकद मोजत. पुढे नायलॉन आणि पोलादी तारा आल्या. थोड्या थरांत तेवढेच बळ मिळू लागले. आकडा राहिला, त्याचा अर्थ मात्र बदलला.

भार, हवा आणि उष्णता

पण भारांकाची एवढी काळजी कशासाठी? टायर रस्त्याला टेकतो तिथे तो किंचित चपटा होतो आणि त्याची बगल बाहेर फुगते. चाक फिरले की तो भाग पुन्हा सरळ होतो. ताशी १०० किलोमीटर वेगाने आपला ६२० मिलिमीटरचा टायर सेकंदाला सुमारे १४ वेळा फिरतो. म्हणजे बगलेचा प्रत्येक भाग सेकंदाला १४ वेळा वाकतो आणि सरळ होतो. लोखंडी तार हाताने भराभर वाकवून पाहा. ती गरम होते. रबराचेही तसेच. वाकवताना दिलेली सगळी ऊर्जा रबर परत देत नाही. उरलेली उष्णता होऊन टायरमध्येच राहते.

वजन जास्त झाले की बगल अधिक वाकते आणि उष्णता अधिक निर्माण होते. हवा कमी असली तरी हेच घडते. त्यातून मराठवाड्यातला मे महिना आणि तापलेले डांबर! उष्णतेने रबर आणि धागे यांचा जोड सैल होतो, आणि एखाद्या क्षणी टायर फुटतो. लोक म्हणतात, 'हवा जास्त झाली म्हणून फुटला.' पुष्कळदा खरे कारण नेमके उलटे, कमी हवा किंवा जादा भार, हे असते.

एका आकड्याची चूक

आता समजा, साच्यातच चूक झाली तर? टायर पोलादी साच्यात दाबून व तापवून तयार करतात. अक्षरे त्या साच्यात उलटी कोरलेली असतात. पुस्तकाच्या छपाईतली चूक जशी प्रत्येक प्रतीत उतरते, तशी साच्यातली चूक त्यातून निघणाऱ्या प्रत्येक टायरवर उमटते.

८५ च्या जागी ९५ उमटले, असे धरू. कोष्टकात ९५ म्हणजे ६९० किलोग्रॅम. एका टायरमागे १७५ किलोग्रॅमचा फरक, चार टायर मिळून ७०० किलोग्रॅमचा. लेबलावर विश्वास ठेवणारा माणूस निर्धास्तपणे तेवढा जादा माल भरील. गाडी लगेच मोडणार नाही. ती चालेल, आणि म्हणूनच धोका मोठा.

किंवा ८० च्या जागी ६५ उमटले, असे समजा. खरा ६५ चा टायर ५७० मिलिमीटर व्यासाचा, म्हणजे ८० च्या टायरहून सुमारे ८ टक्क्यांनी लहान असतो. ६५ चा टायर हवा असलेल्या गाडीला चुकीच्या छापामुळे ८० चे टायर बसले, तर काटा ताशी ८० दाखवील आणि गाडी प्रत्यक्षात ८७ ने धावेल. एकाच आसावर एक लहान आणि एक मोठे चाक बसले, तर गाडी एका बाजूला ओढ घेईल.

प्रत्येक चूक मात्र सारखी घातक नसते. थरांची संख्या चुकून एकाने कमी छापली, पण टायर मुळात मजबूत असला, तर अपघात होणार नाही. अमेरिकेत वाहनसुरक्षेचा कायदा १९६६ साली झाला. त्या कायद्याप्रमाणे लेबलातील चूकही कंपनीला सरकारला कळवावी लागते. ही चूक सुरक्षेच्या दृष्टीने नगण्य आहे, असे वाटल्यास तसा अर्ज कंपनी करू शकते. पण नगण्य काय आणि गंभीर काय, हे शेवटी सरकारी तज्ज्ञ ठरवतात. चूक करणाऱ्यानेच स्वतःला उत्तीर्ण करायचे नाही, हे त्यातले मर्म.

जन्मतारीख का हवी?

बगलेवर एका लंबगोलात चार आकडे असतात, उदाहरणार्थ २३१९. याचा अर्थ २०१९ सालचा तेविसावा आठवडा. वापर झाला नाही तरी ऊन, हवा आणि काळ यांनी रबर म्हातारे होते. त्यात बारीक भेगा पडतात. २००० सालापूर्वी हे आकडे तीनच असत. त्यामुळे टायर कोणत्या दशकातला, हे नुसत्या आकड्यांवरून कळत नसे.

या खुणेचे महत्त्व त्याच वर्षी जगाला पटले. ऑगस्ट २००० मध्ये फायरस्टोन कंपनीने अमेरिकेत सुमारे ६५ लाख टायर परत मागवले. धावत्या गाडीच्या टायरवरील रबराचा पट्टा सुटून येत होता, आणि त्या अपघातांत अमेरिकेत २७० हून अधिक माणसे दगावली होती. आपला टायर त्या यादीत आहे काय, हे पाहायला लोक धावले. पण पूर्ण क्रमांक टायरच्या एकाच बाजूला असे, आणि पुष्कळदा तीच बाजू आत गेलेली असे. मग गाडीखाली सरपटत जाऊन तो वाचावा लागे! त्या वर्षी झालेल्या नव्या कायद्यानंतर क्रमांक सहज दिसावा, असे नियम झाले. लेबल बरोबर असून भागत नाही. ते वाचताही आले पाहिजे.

आपल्याकडील नियम

आपल्या देशात मोटार वाहन कायदा १९८८ चा आणि त्याखालील केंद्रीय नियम १९८९ चे आहेत. टायरची नक्षी किती खोल उरली पाहिजे, हे नियम ९४ सांगतो. मोटारीसाठी ही मर्यादा १.६ मिलिमीटर आहे, तर दुचाकीसाठी ०.८ मिलिमीटर. नक्षीतील खाचांतून पावसाचे पाणी बाजूला निघून जाते. टायर गुळगुळीत झाला की पाणी रबर आणि रस्ता यांच्यामध्ये अडकते व गाडी घसरते. टायरचा आकार व ताकद गाडीच्या वजनाला साजेशी असावी, हे नियम ९५ मध्ये आहे. २००९ च्या एका आदेशाने वाहनांच्या टायरवर भारतीय मानकाचे चिन्ह, म्हणजे आपल्या ओळखीचा आय. एस. आय. शिक्का, आवश्यक ठरला. २०२२ मध्ये नियम ९५ मध्ये भर पडली. ओल्या रस्त्यावरील पकड, रस्त्यावर फिरताना होणारा विरोध आणि आवाज यांच्याही कसोट्या त्यात आल्या. वाहनांची आणि त्यांच्या भागांची अशी परीक्षा घेणारी एक मोठी संस्था पुण्यात वेताळ टेकडीवर आहे. ती ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, स्थापना १९६६. २०१९ च्या दुरुस्तीने सदोष वाहने परत मागवण्याचा आदेश देण्याचा अधिकारही केंद्र सरकारला मिळाला.

परंतु कायद्याचा हात साच्यापर्यंत पोचतो, तसा प्रत्येक ट्रॉलीपर्यंत पोचतोच असे नाही. कारखान्याने अचूक छापलेला आकडा आपण वाचलाच नाही, तर तो चुकीचा छापल्यासारखाच होय.

टायरवर खापर फोडण्याचीही घाई नको. १ जुलै २०२३ च्या पहाटे बुलढाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर नागपूरहून पुण्याला निघालेली एक खासगी बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी मृत्युमुखी पडले. टायर फुटला, असे चालकाने सांगितले. पण अमरावतीच्या परिवहन कार्यालयाच्या अहवालात टायर फुटल्याचा पुरावा आढळला नसल्याचे म्हटले होते. कारण सांगणे सोपे असते, पुरावा शोधणे अवघड. पण पुढचा अपघात टळतो तो पुराव्यामुळेच.

करून पाहा

तुमच्या सायकलच्या मागच्या टायरला खडूची पूड लावा. भिंतीचा आधार घेऊन सायकलवर बसा आणि मित्राला चाकाखाली जाड काळा कागद सरकवायला सांगा. कागदावर उमटलेल्या ठशाचे क्षेत्रफळ चौकोन मोजून काढा. आता थोडी हवा काढून हाच प्रयोग पुन्हा करा. ठसा मोठा का झाला, याचे उत्तर वहीत लिहा.

मग घरच्या मोटारसायकलचा, शेजारच्या टेम्पोचा आणि ट्रॉलीचा टायर वाचा. तो किती आठवड्यांपूर्वी बनला? एक टायर किती किलोग्रॅम पेलतो? आठवड्यांचा हिशेब तर सोपा आहे. भारांकाचे कोष्टक पंक्चरच्या किंवा टायरच्या दुकानदाराला विचारा. आणि उद्या ट्रॉलीवर माल चढत असताना मोठ्या माणसांना एकच प्रश्न करा : 'काका, हा टायर किती वजनाचा आहे?' कदाचित कोणी हसेल. पण एखादा खाली वाकून आकडा पाहीलही.