शहापूर-मुरबाडहून परदेशी विद्यापीठात

शहापूर तालुक्यातल्या एखाद्या कातकरी वाडीवरच्या मुलीला लंडनच्या विद्यापीठात शिकायचं असेल, तर तिला आधी 6 सप्टेंबर 1950 या तारखेपर्यंत मागं जावं लागतं. अनुसूचित जमातीचा दाखला मिळवताना त्या तारखेच्या आधीचा पुरावा मागितला जातो: पणजोबांचा शाळेचा दाखला, जन्म-मृत्यूची नोंद, जमिनीचा जुना उतारा. पण ज्या घरातले पणजोबा शाळेत गेलेच नाहीत, जमीन कधी नावावर नव्हती आणि पावसाळा सरला की अख्खं बिऱ्हाड भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्टीवर जायचं, त्या घरात असा कागद कुठून यायचा? आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय शहापुरातच आहे, पडताळणी समिती मात्र ठाण्याला. वैधता प्रमाणपत्र मिळायला महिने जातात आणि शिष्यवृत्तीची मुदत तोवर थांबत नाही.

परदेशी शिक्षण म्हटलं की पहिला प्रश्न पैशाचा येतो. तो खराच आहे, पण पैशाच्या वाटा उघड्या आहेत. केंद्र सरकारच्या आदिवासी मंत्रालयाच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीत दरवर्षी 20 जागा असतात आणि त्यातल्या 3 विशेष असुरक्षित आदिम जमातींसाठी राखीव असतात. महाराष्ट्रात अशा जमाती तीन: कोलाम, माडिया गोंड आणि कातकरी. राज्याच्या आदिवासी विकास विभागाची स्वतंत्र योजना आहे. अनुसूचित जातींच्या मुलांसाठी राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीच्या 75 जागा आहेत. ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग 1983 पासून दिली जाते. युरोपीय संघाच्या इरॅस्मस मुंडस शिष्यवृत्तीत महिन्याला 1,400 युरो मिळतात. म्हणजे दार आहे. दारापर्यंत पोचायची तयारी कोण करून घेणार, हा खरा प्रश्न आहे.

त्याचं एक भक्कम उत्तर यवतमाळात तयार झालं. राजू केंद्रे हे बुलडाणा जिल्ह्यातल्या लोणार तालुक्यातले, शेतकरी आईवडिलांचे चिरंजीव. पदवीसाठी ते पुण्याला गेले, पण वसतिगृह मिळालं नाही म्हणून परत फिरले आणि मुक्त विद्यापीठातून शिकले. पुढं मेळघाटात काम, मग टाटा सामाजिक विज्ञान संस्था. 2017 मध्ये त्यांनी एकलव्य ही संस्था उभी केली. सुरुवातीचं काम विदर्भातल्या पहिल्या पिढीच्या पदवीधरांना देशातल्या नामवंत संस्थांच्या प्रवेशापर्यंत नेण्याचं होतं. 2021 मध्ये केंद्रे स्वतः चेव्हनिंगवर लंडनच्या सोआस विद्यापीठात गेले आणि त्यानंतर संस्थेने 'ग्लोबल स्कॉलर्स' हा परदेशी शिक्षणाच्या तयारीचा उपक्रम हाती घेतला. इथला मार्गदर्शक बहुधा स्वतः त्या वाटेने गेलेला असतो. अर्जातल्या कुठल्या रकान्यात मुलगा अडखळणार, हे त्याला आधीच ठाऊक असतं.

सगळ्यात जास्त घाम निघतो तो स्टेटमेंट ऑफ पर्पजवर, म्हणजे मुलांच्या भाषेत एसओपीवर. आपल्याकडच्या शाळेत निबंध शिकवला जातो तो सुभाषितांनी सुरू होणारा. इथं मात्र हजारेक शब्दांत सांगायचं असतं की हाच अभ्यासक्रम का, याच विद्यापीठात का, आजवर काय केलं आणि परत आल्यावर काय करणार. गरिबीचं वर्णन लिहून मुलं थांबतात. पण वाडीवरच्या रोजगार हमीच्या मस्टरचा हिशेब ज्या मुलाने तपासला, वनहक्काचे दावे भरायला गावाला मदत केली, त्याच्याकडे सार्वजनिक धोरण शिकण्याची उत्तम पात्रता असते. ही आपली पात्रता आहे, हे त्याला कोणीतरी सांगावं लागतं. चेव्हनिंगसाठी तर निदान दोन वर्षांच्या कामाचा अनुभव ही अटच आहे. गावपातळीवरच्या कामाचं पत्र वेळेवर घेऊन ठेवलं नाही, तर तो अनुभव कागदावर उरत नाही.

शिफारसपत्राचंही तसंच. ज्या प्राध्यापकाच्या वर्गात शंभर मुलं असतात, त्याने एका मुलाबद्दल नेमकं काय लिहावं? 'हुशार व नम्र विद्यार्थी' एवढ्यावर परदेशातली प्रवेश समिती काही ठरवू शकत नाही.

मग आयल्ट्स. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं अशा चार भागांची ही इंग्रजीची परीक्षा पावणेतीन तासांची असते, 0 ते 9 असे बँड मिळतात आणि निकाल दोन वर्षंच चालतो. बोलण्याची फेरी जेमतेम 11 ते 14 मिनिटांची असते; मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलाची छाती तिथंच धडधडते. रोज अर्धा तास मोठ्याने इंग्रजी बोलण्याचा सराव सहा महिने केला, तर ही भीती बरीच मोडते. शिवाय काही विद्यापीठं बारावीच्या इंग्रजीच्या गुणांवर ही अट माफ करतात. फी भरण्याआधी ते विचारून घ्यावं.

शहापूरचं सोनूभाऊ बसवंत महाविद्यालय आणि मुरबाड तालुक्यातल्या शिवळ्याचं शांतारामभाऊ घोलप महाविद्यालय, दोन्ही मुंबई विद्यापीठाशी संलग्न. त्यामुळे ट्रान्सक्रिप्टसाठी विद्यापीठाच्या दारात उभं राहणं आलं. शहापूरकर आसनगावहून लोकल पकडतो. मुरबाडला रेल्वे नाही. तिथल्या मुलाला आधी एसटीने कल्याण गाठावं लागतं. आधार, दहावीची गुणपत्रिका आणि पासपोर्ट यांवरच्या नावाचं स्पेलिंग तीन तऱ्हेचं निघालं, तर सगळा फेरा पुन्हा.

मार्गदर्शकाचं मोल या भागाला नवं नाही. कल्याणच्या आनंदीबाई जोशी 1883 मध्ये अमेरिकेला गेल्या, त्याआधी त्यांचे पती गोपाळराव यांचं मिशनरी वाइल्डर यांना लिहिलेलं पत्र एका मासिकात छापलं गेलं होतं. ते न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाईंनी वाचलं, पत्रव्यवहार सुरू केला आणि पुढं आनंदीबाईंना घरी ठेवून घेतलं. 1886 मध्ये त्या डॉक्टर झाल्या. तसंच बाबासाहेब आंबेडकरांना 1913 मध्ये बडोदा संस्थानची महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती मिळाली. सयाजीरावांपर्यंत त्यांना नेण्यात केळुसकर गुरुजींचा हात होता.

शेजारच्या नेपाळात हीच तयारी बाजाराच्या हाती गेली आहे. तिथं परदेशी शिकायला जाणाऱ्याला शिक्षण मंत्रालयाचं ना-हरकत पत्र लागतं आणि 2022-23 मध्ये अशी एक लाखाहून जास्त पत्रं दिली गेली. काठमांडूच्या पुतळीसडक भागात सल्लागार कंपन्यांच्या पाट्यांची दाटी आहे. कमिशनवर चालणारा सल्लागार मुलाला शिष्यवृत्ती शोधून देईलच असं नाही. त्याला प्रवेश झाल्याशी मतलब. ठाणे-कल्याणच्या स्टेशनांबाहेरही अशा पाट्या आहेत. शहापूर-मुरबाडच्या पालकांनी जमीन गहाण टाकण्याआधी सरकारी शिष्यवृत्तीची चौकशी करावी.

मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं गाव आहे. 8 मार्च 2016 रोजी तिथं आजीबाईंची शाळा सुरू झाली आणि गुलाबी नऊवारीतल्या आज्या पाटी घेऊन अक्षरं गिरवू लागल्या. ज्या तालुक्यात आज्या आत्ता सही शिकल्या, तिथल्या नातवंडांना घरातून एसओपी तपासून मिळणार नाही. ते काम महाविद्यालयाचं आहे. एका प्राध्यापकावर जबाबदारी, आठवड्याला एक तास आणि बाहेर शिकून आलेल्या माजी विद्यार्थ्यांशी महिन्यातून एकदा ऑनलाइन गाठ, एवढ्यावर सुरुवात होते.

मुलांनी पहिल्या वर्षाला असतानाच जात वैधतेचा अर्ज करावा, सगळ्या कागदांवरचं नाव एकसारखं करून घ्यावं आणि दुसऱ्या वर्षाला पासपोर्ट काढावा. ब्रिटनमधल्या बहुतेक विद्यापीठांचे पदव्युत्तर प्रवेश आदल्या वर्षीच्या सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतात. तृतीय वर्षाचा निकाल लागल्यावर धावाधाव करणाऱ्याचं एक वर्ष हमखास जातं.