सासवण्याचे शिल्पकार

अलिबागच्या उत्तरेस, समुद्रकाठी, नारळी-पोफळीच्या वाड्यांत सासवणे नावाचे गाव आहे. विनायक पांडुरंग ऊर्फ नानासाहेब करमरकर यांचा जन्म २ ऑक्टोबर १८९१ रोजी याच गावी झाला. चित्रे काढण्याचा त्यांना लहानपणापासून नाद होता. त्यांनी देवळाच्या भिंतीवर काढलेले अश्वारूढ शिवाजीमहाराजांचे चित्र कुलाबा जिल्ह्याचे त्या वेळचे कलेक्टर ऑटो रॉथफील्ड यांच्या दृष्टीस पडले, असे सांगतात. त्यांच्याच साहाय्याने करमरकर मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. पुढे काही वर्षे त्यांनी कलकत्त्यास काम केले. १९२० मध्ये विलायतेस जाऊन तेथेही अभ्यास केला.

भिंतीवरचा तो घोडेस्वार मात्र अजून पुरा व्हावयाचा होता. पुण्यास शिवाजीमहाराजांच्या स्मारकाची कोनशिला १९२१ मध्ये बसली होती. तेथील ब्राँझचा पुतळा घडविण्याचे काम करमरकरांकडे आले.

ब्राँझ हा तांबे व कथील यांचा मिश्रधातू. त्याचा पुतळा छिन्नीने कोरीत नाहीत, तर ओततात. शिल्पकार प्रथम ओल्या मातीचा पुतळा घडवितो. त्यावरून प्लास्टरची प्रतिकृती घेतात आणि ती ओतशाळेत नेतात. तेथे पुन्हा साचा तयार होतो व त्याच्या पोटात गाभा बसवितात. साचा आणि गाभा यांमध्ये जी अरुंद पोकळी उरते, तीत धातूचा तप्त रस सोडावयाचा. हा क्षण मोठा कठीण! साच्यात ओल राहिली, हवा अडकली किंवा रस वाटेतच थिजला, तर महिनोन्‌महिन्यांचे श्रम वाया गेलेच म्हणून समजावे. म्हणून मोठे पुतळे बहुधा तुकड्यातुकड्यांनी ओतून मग जोडतात. करमरकरांनी हा सुमारे साडेतेरा फूट उंचीचा पुतळा एकसंध ओतण्याचे ठरविले! घोड्याच्या पायापासून महाराजांच्या मस्तकापर्यंत सारे एका ओतीत साधावयाचे होते, आणि हाती वेळही फार नव्हता. मुंबईस माझगाव गोदीत हे ओतकाम झाले, आणि ते साधले. सुमारे आठ टन वजनाचा तो पुतळा रेल्वेने घाट चढून पुण्यास आला. १६ जून १९२८ रोजी गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते त्याचे अनावरण झाले.

या कामाने करमरकरांची कीर्ती सर्वत्र पसरली. थोरामोठ्यांचे अनेक पुतळे त्यांनी घडविले. भारत सरकारने त्यांना ‘पद्मश्री’ दिली. तरी सासवणे त्यांनी सोडले नाही. गावची माणसे, कोळणी, जनावरे यांची शिल्पे त्यांनी तितक्याच आस्थेने केली, आणि त्यांतील पुष्कळशी साध्या सिमेंटची आहेत. सिमेंट लवकर घट्ट होते. माती पुन्हा भिजवून चूक सुधारता येते, तशी सवड ते देत नाही. तेथे हाताला नेमकेपणा हवा.

१३ जून १९६७ रोजी करमरकर निवर्तले. त्यांचे सासवण्याचे घर आता शिल्पांचे संग्रहालय आहे. तेथे शंभराहून अधिक शिल्पे पाहावयास मिळतात. त्यांत सिमेंटची एक म्हैसही आहे, अगदी खऱ्या म्हशीएवढी.