आरशाच्या तबकाचे वय

आमच्या आत्याकडे एक तबक आहे. भोवती पितळेचा जाळीदार कठडा, दोन बाजूंना मुठी आणि तळाला आरसा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्यात अत्तरदाणी आणि गुलाबदाणी ठेवत. एरवी ते फडक्यात गुंडाळून कपाटावर. "आईच्या लग्नातलं, एकोणीसशे एकतीस सालचं," असे आत्या सांगत आली आहे. यंदा नातीच्या लग्नात ते तिला द्यायचे ठरले. सोबत एक चिठ्ठी ठेवावी आणि तीत तबकाची खरी हकीकत असावी, असे आत्याच्या मनात आले. ते काम माझ्याकडे आले.

आरशाचे वय काढायचे म्हटले की पहिले लक्ष पाऱ्याकडे जाते. आरसा डागाळला की आपण आजही 'पारा उडाला' म्हणतो. ही भाषा मात्र आपल्या घरातल्या आरशांपेक्षा बरीच जुनी आहे. पूर्वी कथिलाच्या पत्र्यावर पारा ओतून त्यावर काच दाबून ठेवत. अशा आरशातली प्रतिमा किंचित निळसर-करडी दिसते आणि खराब होताना त्यात बारीक चमचमते कण उमटतात. १८३५ साली यूस्टुस फोन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने काचेवर चांदीचा थर बसवण्याची रासायनिक रीत दाखवली. पाऱ्याच्या वाफेने कारागिरांचे हाल होत, तरीही नवी रीत रुळायला काही दशके गेली. चांदीचा आरसा म्हाताराही वेगळ्या तऱ्हेने होतो : कडेने ओल शिरते आणि तिथून काळे डाग आत सरकू लागतात. आत्याच्या तबकाला असेच काळे डाग आहेत. म्हणजे चांदी. पण एवढ्याने १९३१ सिद्धही होत नाही आणि खोटेही ठरत नाही.

पेन्सिलीचे टोक आरशाला टेकवून टोक आणि प्रतिबिंब यांतले अंतर पाहायचे, आणि त्यावरून आरसा जुना की नवा ते सांगायचे, असा एक उपाय जाणकार म्हणवणारे सुचवतात. त्यातून काचेची जाडी कळते, वय नाही. त्यापेक्षा आरसा तिरका धरून खिडकीच्या गजांचे प्रतिबिंब न्याहाळावे. गज जरा लहरताना दिसले तर ती बहुधा जुन्या पद्धतीने ओढून काढलेली काच. वितळलेल्या कथिलावर तरंगत तयार होणारी फ्लोट काच इंग्लंडमधल्या पिल्किंग्टन कंपनीने १९५९ मध्ये जाहीर केली; भारतात तिचे उत्पादन सुरू झाले ते १९९०च्या दशकात. तिच्यात गज सरळ दिसतात. आमच्या तबकात ते लहरले. आत्याला फार आनंद झाला.

कठड्याच्या खालच्या बाजूला बारीक रोमन अक्षरांत 'झेकोस्लोव्हाकिया' असा ठसा सापडला. परदेशातून येणाऱ्या मालावर मूळ देशाचे नाव हवे, असा कायदा अमेरिकेने १८९० मध्ये केला. इतरत्रही असे नियम होते, आणि असे ठसे आज तारखेचे काम करतात. हा देश १९१८ च्या अखेरीस जन्मला आणि १९९२ च्या अखेरीस संपला. त्याच देशातले याब्लोनेत्स हे गाव काचेच्या मण्यांसाठी आणि बांगड्यांसाठी प्रसिद्ध होते, आणि तिथल्या बांगड्या महायुद्धापूर्वी हिंदुस्थानात भरपूर येत. त्या वाटेने एखादे तबक पुण्याला येणे अशक्य नाही. आजीचे लग्न ठशाच्या कालखंडात बसत होते.

इथेच थांबले असते तर चिठ्ठी सोपी झाली असती. पण तळाची फळी प्लायवूडची, आणि तिला बसवलेल्या चार स्क्रूंच्या डोक्यावर चौफुलीची खाच. अमेरिकेतल्या हेन्री फिलिप्सला या प्रकारच्या स्क्रूची पेटंटे मिळाली ती १९३६ मध्ये. शिवाय कठड्याच्या पायांना आणखी चार भोके होती, रिकामी, आताच्या स्क्रूंशी न जुळणारी. वस्तू तिच्या सर्वांत तरुण भागाइतकीच जुनी मानावी, असा या कामातला सर्वसाधारण नियम. मात्र तो तरुण भाग मूळचा आहे की दुरुस्तीत आलेला, हे आधी ठरवावे लागते. जुळणारी नवी भोके आणि न जुळणारी जुनी भोके एकाच पायावर असतील तर ती दुरुस्तीच.

आत्याच्या परवानगीने मी फळी काढली. आरसा आणि फळी यांच्यामध्ये गादीसारखी मराठी वर्तमानपत्राची घडी होती. तारखेचा भाग फाटलेला. पण एका जाहिरातीत किंमत होती 'नव्या पैशां'त. दशमान नाणी १ एप्रिल १९५७ पासून आली, आणि १ जून १९६४ पासून त्यातला 'नवा' हा शब्द गळला. रद्दी घरात बरीच वर्षे पडून राहू शकते, त्यामुळे वरची मर्यादा पक्की म्हणता येत नाही. पण १९५७ च्या आधी ही घडी तिथे जाणे शक्य नव्हते. काचही कठड्यापेक्षा दोरभर लहान होती. ती नंतर कापून बसवलेली.

आणि कठड्याच्या वळलेल्या पट्टीत, जिथे फडके कधी पोचत नाही, तिथे करड्या गाळाचा वाळलेला थर होता. कागदावर त्याचा मागमूस नव्हता, फळीवरही नव्हता. गाळ आधीचा, काच नंतरची.

मी आत्याला विचारले, "तुमचं घर नारायण पेठेत होतं ना? पानशेतच्या वेळी?"

आत्या काही वेळ बोलली नाही. १२ जुलै १९६१ ला धरण फुटले तेव्हा ती लग्न होऊन मुंबईला होती. "दादाने पत्रात लिहिलं होतं, भांडी सापडली, धुऊन घेतली म्हणून," ती म्हणाली. "तबकाचं नव्हतं लिहिलं. मी माहेरी आले तेव्हा ते होतं तसंच होतं. मला कसं कळणार?"

ओलीने आरसा गेला असेल किंवा काच फुटली असेल. यातले नेमके काय झाले ते तबक सांगत नाही. काका आता नाहीत.

मला काळजी होती ती वेगळीच. आजीने नवरीपणी ज्यात आपला चेहरा पाहिला तो हा आरसा, असे आत्या नातीला लहानपणापासून सांगत आली होती. पितळ बहुधा त्या लग्नातले, पण आरसा नव्हे. मी तिला हे जमेल तितके हळू सांगितले.

"म्हणजे आईचा चेहरा यात नाही," आत्या म्हणाली. मग तिने तबक पालथे केले, रिकाम्या भोकांवरून बोट फिरवले. "दोन्ही सालं लिही. आणि दादाचं नाव लिही. आईला न सांगता काच बसवून आणली असणार त्याने."

मी चिठ्ठी लिहिली. फळी पुन्हा लावताना वर्तमानपत्राची घडी होती तशीच ठेवली. गाळ पुसला नाही.