कसेल तिची जमीन

नांगर पुरुषाने धरावा आणि खुरपे बाईने, अशी कामाची वाटणी आपल्या गावगाड्यात पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. नांगराला स्त्रीचा स्पर्श होऊ नये, असा संकेतही कित्येक भागांत पाळला जाई. वस्तुतः नांगरणी थोड्या दिवसांत आटोपते; परंतु बियाणे निवडून राखेत घोळून ठेवण्यापासून तो भाताची लावणी, निंदणी, खुरपणी आणि काढणी यांपर्यंत जे जे काम वाकून किंवा उकिडवे बसून करावे लागते, ते ते बहुधा तिच्याच वाट्याला येते. वऱ्हाडात कापूस वेचणारी बाई क्षणभर पाहावी. कमरेला ओटी बांधून ती ओळीओळीने पुढे सरकते, बोंडांची वाळकी टोके तिची बोटे ओरबाडीत असतात, आणि तरीही पालापाचोळा न लागू देता ती स्वच्छ कापूस उचलते. तोच कापूस बाजारात गेला म्हणजे हिशेबपट्टी मात्र घरधन्याच्या नावाने फाडली जाते.

हा केवळ रिवाजाचा प्रश्न नसून दप्तराचाही आहे. सातबारा उतारा म्हणजे गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांची जोडी. पहिल्यात जमिनीवरील हक्काची नोंद, दुसऱ्यात पिकांची. पीककर्ज, पीकविमा, अनुदान, नुकसानभरपाई यांपैकी कशासाठीही अर्ज करावयाचा झाला, तर बहुधा हाच कागद प्रथम पुढे ठेवावा लागतो. ज्या स्त्रीचे नाव त्यावर नाही, ती आयुष्यभर शेतात राबली तरी सरकारदरबारी शेतकरी ठरणे तिला दुरापास्त होते. 2015-16 च्या कृषिगणनेनुसार देशातील शंभर वहितीदारांत स्त्रिया सुमारे 14 च होत्या. मजुरीचेही तेच. समान वेतनाचा कायदा 1976 साली झाला, तथापि त्याच बांधावर बाईचा रोज आजही अनेकदा पुरुषापेक्षा कमी धरला जातो.

‘कसेल त्याची जमीन’ हे 1948 च्या कूळकायद्यामागील ब्रीद न्याय्य होते. परंतु त्यातील ‘त्याची’ या शब्दात ‘तिची’ सामावते काय, हा प्रश्न फार थोड्यांना पडला. तो मोठ्या आवाजात विचारला गेला 1986 साली नाशिक जिल्ह्यातील चांदवड येथे, शेतकरी संघटनेच्या महिला अधिवेशनात. त्यानंतर संघटनेचे नेते शरद जोशी यांच्या प्रेरणेने ‘लक्ष्मीमुक्ती’ची चळवळ उभी राहिली आणि असंख्य शेतकऱ्यांनी स्वेच्छेने आपल्या जमिनीचा हिस्सा पत्नीच्या नावे करून दिला. पुढे शासनानेही पतीच्या अर्जावरून सातबारावर पत्नीचे नाव लावण्याची वाट 1992 साली मोकळी केली. महाराष्ट्राने 1994 साली हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून कन्येला वडिलोपार्जित मिळकतीत सहदायाद, म्हणजे मुलाइतकीच वाटेकरी केले, मात्र त्याआधी विवाह झालेल्या कन्या वगळल्या गेल्या. ती उणीव 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने भरून काढली.

कायदा इतका पुढे आला, तरी माजघरातील प्रथा मागेच राहिली. वडिलांचे दिवसकार्य उरकते, वारसनोंदीची गोष्ट निघते, आणि बहिणीपुढे हक्कसोडपत्र येते. ती सही करते. कारण न केल्यास माहेर तुटेल, रक्षाबंधनाला आणि भाऊबिजेला उंबरा परका होईल, हे भय तिला कोणत्याही कलमाहून खरे वाटते. साडीचोळी घेऊन ती परतते, आणि पुढे दुर्दैवाने वैधव्य आले तर सासरच्या उताऱ्यावर नाव चढविण्यासाठी तलाठ्याच्या चावडीचे उंबरे झिजवू लागते. ज्या स्नेहासाठी तिने हक्क सोडला, त्या स्नेहाने तिच्याकडून ही किंमत मागावी, हेच मुळी अन्यायाचे आहे.

मराठीत ‘शेतकरीण’ हा शब्द आहे. पण तो उच्चारताच शेतकऱ्याची बायको डोळ्यांपुढे उभी राहते, शेती करणारी स्त्री नव्हे. शब्दाचा हा अर्थ बदलण्यास मोठ्या व्याख्यानांची गरज नाही. पतीने हयातीतच एक अर्ज करावा, भावाने हक्कसोडाचा कागद बहिणीपुढे ठेवूच नये, आणि फेरफार मंजूर झाल्यावर नवा उतारा प्रथम तिच्या हाती द्यावा. बोंडांनी ओरबाडलेल्या त्या बोटांनी त्यावरील आपले नाव एकदा चाचपून पाहिले, म्हणजे त्या शब्दाला त्याचा खरा अर्थ लाभेल.