कातळावरचा पिवळा भेक

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला, की इंदापूर तालुक्यातील पळसदेव गावी रात्री दिव्याखाली भेक येऊन बसतात. अंग खरखरीत, पाठीवर काळ्या टोकांचे फोड, चाल सावकाश. दिव्याला भुललेले किडे टिपणे हा त्यांचा उद्योग. मुले त्यांना सरसकट बेडूक म्हणतात; परंतु नितळ कातडीचा, लांब उड्या घेणारा बेडूक निराळा आणि हा भेक निराळा. वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या या कोरड्या मुलखात तो उन्हाळाभर ओलसर बिळात दडून राहतो. पाणी साचले की मादी हजारो अंडी लांबच लांब माळेच्या रूपाने घालते. त्यांतील बहुतेकांचा नाश झाला, तरी वंश टिकण्यापुरती वाचतात.

याच कुळातील एक भाऊबंद सह्याद्रीच्या माथ्यावर राहतो. त्याचा संसार मात्र अगदी उलट आहे. सावंतवाडीहून बेळगावकडे जाणाऱ्या घाटरस्त्यावर आंबोली लागते. पाऊस तेथे सात हजार मिलिमीटरच्या घरात. हिरण्यकेशी नदीचा उगम तेथलाच. या परिसरातील जांभ्याच्या कातळावर आंबोलीचा भेक आढळतो. आकार जेमतेम दीड इंच, आणि कुशीवर वाघाच्या पट्ट्यांसारखे पिवळे पट्टे. म्हणूनच त्याच्या शास्त्रीय नावात वाघ आला. एस. डी. बिजू, वरद गिरी व त्यांचे सहकारी यांनी २००९ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याचा सख्खा भाऊ म्हणावा असा कोयनेचा भेक सोमण यांनी १९६३ सालीच शास्त्रास परिचित करून दिला होता. २००९ साली या दोघांसाठी एक स्वतंत्र प्रजाती मानण्यात आली.

भोवती इतके ओढे वाहत असता हे भेक अंडी घालण्यास कातळावरील उथळ खळगे निवडतात, याचे नवल वाटेल. पण विचार करता यातील लाभ उघड आहे. पावसाळी ओढ्यास लोंढा आला, की त्यात अंडी टिकणे कठीण; खळग्यात पाणी स्थिर असते आणि अंडी गिळणारे मासे तेथे नसतात. परंतु या लाभाची किंमतही मोठी आहे. खळग्यातील पाणी थोडे. चार दिवस पाऊस ओसरून ऊन पडले, तर ते आटते व पिले मरतात. शिवाय मादी हजारोंची माळ घालीत नाही. काही डझन अंड्यांचा लहानसा पुंजका घालते. त्यामुळे एक खळगा गेला, तरी ती हानी मोठी ठरते.

निसर्गाचा हा धोका भेकाने पिढ्यान्‌पिढ्या सोसला. मनुष्याने आणलेला धोका त्यास नवा आहे. जांभ्याच्या खाणी, कातळावरील बांधकामे आणि पावसाळी सहलींच्या मोटारी यांनी त्याची जागा आकुंचित होते. रात्री रस्ता ओलांडणारा दीड इंची जीव चालकास दिसत नाही. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने आंबोलीच्या भेकाची नोंद अतिसंकटग्रस्त, तर कोयनेच्या भेकाची नोंद संकटग्रस्त म्हणून केली.

कोयना, हिरण्यकेशी आणि भीमा या तिन्ही नद्यांचे पाणी अखेरीस कृष्णेसच मिळते. १९८० साली पूर्ण झालेल्या उजनी धरणाच्या पाण्याखाली जुने पळसदेव गेले; पाणी फार ओसरले, की पळसनाथाचे देऊळ अजूनही वर येते. गाव उठून नव्या जागी वसले, कारण माणसाला घर हलविता येते. आंबोलीच्या भेकास ती सोय नाही. एवढ्याशा टापूतील कातळ हेच त्याचे सर्व गाव.

तेव्हा आषाढात आंबोलीस जाणाऱ्या मंडळींनी रात्री घाटमाथ्यावर गाडी सावकाश हाकावी, आणि दिवसा कातळावर हिंडताना तळहाताएवढ्या डबक्यातही पाय देऊ नये. त्या ओंजळभर पाण्यात एखाद्या मादीची वर्षाची सारी संतती असू शकते.