एक तक्ता, तीन वाटा

नर्मदेचे पाणी इंदूरला १९७८ साली आले. जलूदहून सुमारे ७० किलोमीटरची वाट चालून ते आपल्या गल्लीत शिरते, तेव्हा नळकामगार मुख्य नळाला एक तिवाट जोड बसवतो. इंग्रजी अक्षरासारख्या त्याच्या आकारावरून त्यास 'टी' म्हणतात. वाटा दोन झाल्या तरी पाणी तेच.

संगणकातही असाच एक जोड आहे, आणि त्याचे नावही 'टी'च! अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत घडलेल्या युनिक्स प्रणालीत १९७३ साली एका आज्ञावलीचे उत्तर दुसरीकडे नेणारी 'नळी' आली. त्या नळीला फाटा फोडण्याचे काम ही 'टी' करते.

आता तिची गरज पाहा. समजा, एका पतपेढीत दिवसअखेर ठेवींचा तक्ता काढावयाचा आहे. व्यवस्थापकास तो पडद्यावर, दप्तरास कागदावर आणि हिशेबतपासनिसास फायलीत हवा. नवखा कारकून आज्ञावली तीनदा चालवितो. मध्येच एक रक्कम जमा होते आणि तीन तक्त्यांत बेरजा निरनिराळ्या येतात. मग खरा तक्ता कोणता? टंकलेखक कार्बन कागद घालीत, तो केवळ श्रम वाचविण्यासाठी नव्हे. मूळ आणि प्रत एकाच आघाताने उमटत, हीच त्यांच्या सारखेपणाची ग्वाही होती.

म्हणून नियम असा, की शीर्षक, रकाने, बेरीज यांची मांडणी एकदाच करावी. फाटा त्यानंतर फोडावा. लॅरी वॉल यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या 'पर्ल' भाषेत अशा मांडणीची खास सोय आहे. तयार मजकूर मग हव्या तितक्या ठिकाणी धाडता येतो.

दोन सावधगिऱ्या मात्र हव्यात. 'पुढे जोड' असे बजावले नाही, तर 'टी' त्याच नावाची जुनी फाईल पुसून नवी लिहिते. दुसरी अधिक घातक आहे. मूळ आज्ञावली अर्ध्यावर बंद पडली, तरी 'टी' आपले काम सुखरूप संपल्याचेच कळविते. तिच्यापुरते ते खरेही असते, कारण आले तेवढे तिने पुढे दिलेले असते. यास्तव तक्त्याच्या शेवटी ओळींची संख्या आणि 'समाप्त' हा शब्द असावा. तो न दिसल्यास तिन्ही प्रती बाजूस ठेवाव्यात. कारण अपुरा तक्ता तीन ठिकाणी जुळला, म्हणून ठेवीदाराचा हिशेब पुरा होत नाही.