पथारीवरचा झूम

दसरा उलटला की नंदुरबारच्या बाजारात ओल्या लाल मिरचीची आवक वाढते आणि शहराबाहेरच्या मोकळ्या जागांवर व्यापाऱ्यांच्या पथाऱ्या पसरतात. मोबाइल घेऊन तिथे गेलेला नवशिका बहुधा एकच चित्र घेऊन परततो: लालभडक गालिचा. ड्रोन मिळाला तर आणखी मोठा गालिचा! पाहणाऱ्याला जागा कळते, पण तिथे कोण राबतंय हे कळत नाही.

मग कुणीतरी सांगतं, जरा क्लोजअप घे. तो उभ्या जागेवरूनच दोन बोटांनी झूम करतो. झूम केला की जवळ गेलो, हा सगळ्यात चिवट गैरसमज. बऱ्याच मोबाइलमध्ये ठरावीक मर्यादेपुढचा झूम म्हणजे चित्राचा मधला तुकडा कापून ताणणं. तपशील वाढत नाही, फुटतो. चांगली टेलिफोटो लेन्स असली तरी पुढच्या-मागच्या वस्तूंचं प्रमाण ठरतं ते तुम्ही किती अंतरावर उभे आहात यावर. लांबून झूम केलात तर देठ खुडणारी बाई आणि तिच्यामागचा ट्रक एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात. तिची परवानगी घेऊन शेजारी उकिडवं बसा, साधी लेन्स लावा: हात मोठा होतो, ट्रक काडेपेटीएवढा उरतो आणि मधली सगळी पथारी उलगडते. तेच काम, तीच बाई, पण आता गोष्ट तिची झाली.

क्लोजअप म्हणजे चेहरा, हेही खरं नाही. ठसक्यापायी इथे अर्धे चेहरे रुमालाआड असतात. बोटं बघा.

‘शॉट जितके जास्त, तितकी गोष्ट रंगते’ असं म्हणणाऱ्यांनी चैतन्य ताम्हाणेंचा ‘कोर्ट’ (2014) पाहावा. त्यात कॅमेरा बहुतेक वेळ लांब, स्थिर उभा असतो आणि न्यायालयाचं संथ, निर्विकार कामकाज आपल्याला त्या बाकांवर बसवून दाखवतो. राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला तो.

शॉट बदलताना जागाही कुठलीही चालत नाही. टोपली घेतलेली बाई डावीकडून उजवीकडे चालली असेल, तर तिच्या वाटेच्या एकाच बाजूला राहा. मध्येच पलीकडे जाऊन शॉट घेतलात की पडद्यावर ती उलटी फिरल्यासारखी वाटते. ओलांडायचंच असेल, तर मध्ये ती थेट कॅमेऱ्याकडे येतानाचा एक शॉट ठेवा, म्हणजे डोळा फसत नाही.

आणि कधी कधी जागचं हलूच नये. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’साठी भांडवल उभं करण्याआधी रुजणाऱ्या वाटाण्याची वाढ एकेक फ्रेम टिपून दाखवली होती. पथारीच्या कडेला तिपाई रोवून, एकाच कोनातून रोज एक फोटो घ्या. टचटचीत ओली मिरची सुरकुतते, गडद होते, ढीग खाली बसतो. मध्येच अवकाळी पाऊस आला, तर ताडपत्र्यांची धावपळही त्याच चौकटीत येईल. फक्त लेन्स पुसलेलं फडकं डोळ्याला लावू नका.